तिसरा टेक

केतकी बिराजदारच्या फिल्म कुणी बघत नसे. हे ती स्वतःच हसत हसत सांगायची. चित्रकारांवर माहितीपट करणं हा तिचा धंदा, आणि त्या धंद्याचं दुखणं एकच होतं. चित्रकार काम करत असताना कॅमेऱ्याला दिसते ती त्याची पाठ, फार तर हात. कुंचला कॅनव्हासला टेकण्याआधी त्या माणसाच्या डोक्यात जे घडतं ते कुठल्याच भिंगात सापडत नाही. मग करायचं काय? खिडकीतलं ऊन दाखवायचं, पिळवटलेल्या रंगांच्या ट्यूबा दाखवायच्या, मागे सतार लावायची आणि एखाद्या समीक्षकाला खुर्चीत बसवून बोलतं करायचं. प्रेक्षक सतारीलाच उठून जातो.

टोप आला आणि हे सगळं पालटलं.

त्याचं कागदावरचं नाव 'दृश्यवाचक' होतं, पण ब्युटी पार्लरमध्ये केस वाळवायला डोक्यावर ओढतात तसल्या त्या यंत्राला युनिटमधली पोरं टोपच म्हणायची. टोपासोबत पुण्याच्या प्रयोगशाळेतून आली होती डॉ. तस्नीम बागवान. यंत्र काय करतं असं कुणी विचारलं की ती ठरलेलं उत्तर द्यायची.

"समोर आंबा ठेवला की मेंदूच्या मागच्या भागात काही दिवे लागतात असं समज. डोळे मिटून आंबा आठवला तरी तेच दिवे लागतात, फक्त अगदी मंद. टोप ते दिवे वाचतो आणि त्यांचं पुन्हा चित्र करतो. मंद दिवे वाचता येत नाहीत, म्हणून आधी चुंबकीय स्पंदनं देऊन वात जरा मोठी करायची. बस, एवढंच."

एवढंच म्हणजे जगातली पहिली फिल्म, जिच्यात चित्रकाराच्या डोळ्यांमागचं चित्र दिसणार होतं. ती करायची कुणावर, याचा केतकीला विचारही करावा लागला नाही. ती सोलापूरला सत्यनारायण येमूल सरांकडे गेली.

येमूल सरांनी तिला कॉलेजात रंग शिकवले होते. पद्मशाली विणकरांच्या घरातला माणूस. साखर पेठेत वडिलांचा सूत रंगवण्याचा कारखाना होता आणि लहानपण रंगाच्या हौदांकाठी गेलेलं. त्यांच्या चित्रांत माणसं क्वचितच असायची. ओल्या सुताच्या लडी, भिंतीवर उडालेले शिंतोडे, रंगीत पाणी प्यायलेली माती, एवढ्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं. दोन वर्षांपूर्वी हातांकडे जाणाऱ्या नसा वाळायला लागल्या. आधी कुंचला गळून पडायचा, मग चमचा, मग पायही उचलेनात. आता दोन्ही हात मांडीवर ठेवलेल्या उशीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडलेले असत. बोलणं मात्र शाबूत होतं, सावकाश आणि तुटक.

"डोक्यात चित्रं यायची थांबली नाहीत ना, सर?" केतकीने विचारलं.

"थांबली असती तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "तुंबलोय मी, केतकी."

यंत्राला सरांचा मेंदू ओळखीचा करून द्यायला काही आठवडे गेले. हजारो चित्रं त्यांना दाखवायची, दर वेळी दिवे टिपायचे. त्यानंतर एका सकाळी तस्नीमने टोप खाली ओढला आणि म्हणाली, "आता तुमचं काहीतरी आठवा, सर. कुठलंही."

पडद्यावर आधी नुसता करडा रंग होता. मग त्यात चुन्याची भिंत उमटली. भिंतीपुढे बांबू, बांबूंवर मोरपिशी लडी, आणि त्यांतून ठिबकणाऱ्या थेंबांनी खालची माती निळीकाळी झालेली. कारखान्यामागचं वाळवणाचं अंगण होतं ते. कडा थरथरत होत्या, पण रंग असा की कॅमेरामन कॅमेरा सोडून बघत राहिला.

टोप वर गेल्यावर सरांनी पडदा पाहिला आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. पुसता येईना. त्यांच्या पत्नी पद्माकाकू पुढे झाल्या आणि पदराने पुसून मागे सरल्या.

"असंच," सर म्हणाले. "अगदी असंच. कागदावर नाही गं आलं कधी."

डावीकडे मोरपिशी रंग जरासा फाटत होता. केतकीने रिटेक मागितला. मग आणखी एक. तिसऱ्या टेकला अंगण असं स्वच्छ आलं की थेंब मोजून घ्यावेत.

पुढच्या आठवड्यात मुलाखतीचं चित्रण होतं. केतकीने सहज विचारलं, "सर, त्या वाळवणाच्या अंगणाबद्दल सांगा ना."

सर बोलायला तोंड उघडून थांबले. कॅमेरा चालू होता.

"होतं खरं अंगण," ते शेवटी म्हणाले. "असणारच. सूत वाळवायला अंगण लागतंच."

केतकीने थकवा म्हणून सोडून दिलं. तस्नीमने सोडलं नाही. तिने दोन दिवस सरांच्या चाचण्या घेतल्या, आणि जिन्यात केतकीला गाठलं.

"ते अंगण गेलं," ती म्हणाली.

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, केतकी. आपण काही आठवतो तेव्हा ती आठवण मऊ होते, ओल्या मातीसारखी. मग मेंदू ती पुन्हा घट्ट करून ठेवतो. त्याला काही तास लागतात. टोपाची स्पंदनं तिला नको तेवढी मऊ करतात. एक टेक घेतला तर ती परत बसते. लागोपाठ घेतले तर बसायला काही उरतच नाही."

"आणि हे आधी कुणाला कळलं नाही?"

"आधी आम्ही लोकांना आंबे आणि सायकली आठवायला सांगत होतो," तस्नीम कडवट हसली. "आंबा गेला तरी कुणाला कळणार? तो पुन्हा दिसतोच की बाजारात."

केतकीने सरांना सांगितलं. आपण लपवलं नाही, एवढं तरी तिला पुढे स्वतःला म्हणता आलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग यात नवं काय?" ते म्हणाले. "चित्र पुरं झालं की ते माझ्या डोक्यातून जायचंच. रिकामं होता यावं म्हणून तर माणूस चित्र काढतो. घ्या तुम्ही. ती चित्रं माझ्यात सडण्यापेक्षा पडद्यावर राहिलेली बरी." आणि दाराकडे बघत, "पद्माला मात्र सांगू नका. ती घाबरेल. फिल्म थांबवेल."

केतकीने मान डोलावली. खरं तर तिला हायसं वाटलं.

काम चालू राहिलं. हौदातली हिरवी वाफ, वडिलांचे कोपरापर्यंत लाल झालेले हात, पावलांच्या रंगीत ठशांची फरशी. एकेक चित्र पडद्यावर येत गेलं आणि सरांच्या बोलण्यातून एकेक गोष्ट गळत गेली. सर खुशीत दिसत. रात्री झोप लागते म्हणत. मुंबईचा निर्माता रोजचं चित्रण बघून फोन करायचा. "अप्रतिम आहे," तो म्हणायचा, "पण सगळ्या भिंती आणि सूत. एखादं माणूस द्या हो. लोक माणसासाठी रडतात."

ते माणूस पद्माकाकूंनी आणून दिलं.

केतकी स्वयंपाकघरात चहा घेत होती. काकू कडक भाकरीचे तुकडे डब्यात भरत होत्या. आयुष्यभर विड्या वळून त्यांची बोटं टोकांशी चपटी झाली होती.

"त्या टोपातून माणूस दिसतो का गं?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"दिसतो की. कोण बघायचंय?"

"मंजू."

सरांना मुलगी होती हे केतकीला ऐकून ठाऊक होतं. बाकी काही ठाऊक नव्हतं. घरात तिचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला, गुबगुबीत तीन वर्षांचा. काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि खाली बसल्या.

"सहा वर्षांची होती. मी हैदराबादला माहेरी गेलेली, धाकट्याच्या बाळंतपणाला. पोट फाडून काढावा लागला त्याला. इकडे हिला ताप भरला. दवाखान्यात नेली. घरच्यांनी ठरवलं, ओल्या बाळंतिणीला कळवायचं नाही. तिला त्रास होईल." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "मला कळलं तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. त्या दिवसांत तिच्याजवळ हे एकटेच होते. मी किती वेळा विचारलं, कशी दिसत होती, काय मागत होती. हे उठून जातात. पस्तीस वर्षं झाली, उठून जातात. आता तर उठताही येत नाही, तर डोळे मिटून घेतात."

केतकीने चहाचा कप खाली ठेवला. काकूंना सगळं सांगायची वेळ तीच होती. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण तिने सरांना शब्द दिला होता, आणि त्या शब्दाच्या आड उभं राहणं सोयीचं होतं.

"मी विचारते सरांना," ती म्हणाली.

सरांनी ऐकून खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मी मुद्दाम सांगत नाही असं तिला वाटतं," ते म्हणाले. "मला सांगता येत नाही. शब्द हा माझा प्रांत नव्हे. काढायलाही बसलो होतो एकदोनदा. तेव्हा हात धड होते, पण पुढे जायचे नाहीत." मग म्हणाले, "एका टेकने काही होत नाही ना?"

"नाही होत, सर. तस्नीमने मोजून बघितलंय."

"मग एकच घ्या."

"एकच," केतकी म्हणाली.

त्या दिवशी काकू इरकली साडी नेसून आल्या. कुणाच्या घरी मूल बघायला जावं तशा. तस्नीमने टोप ओढला आणि सरांनी डोळे मिटले.

दवाखान्याची खोली उमटली. लोखंडी खाट, निम्म्या उंचीपर्यंत हिरवा रंग दिलेली भिंत, गज असलेली खिडकी. खाटेवर एक मूल बसलेलं होतं. फ्रॉक दिसत होता, हाताला सलाइनची पट्टी दिसत होती. चेहऱ्याच्या जागी मात्र पाण्यात विरघळल्यासारखं काहीतरी हलत होतं. मग चित्र विझलं.

"चेहरा?" काकू म्हणाल्या. "चेहरा नाही दिसला."

"ते चेहऱ्याकडे बघायचं टाळताहेत," तस्नीम हळू आवाजात म्हणाली. "त्रास होतोय त्यांना."

"सर," केतकी त्यांच्या कानाशी वाकली, "एकदाच तिच्याकडे बघा."

तो दुसरा टेक. चेहरा आला, अर्धा आला, एक डोळा आणि कपाळावरचे ओले केस, आणि मधूनच फाटून गेला. काकूंच्या तोंडून आवाज निघाला. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती.

तस्नीम उभी राहिली. "बास. पुढचा टेक मी देणार नाही."

"अगं, जवळजवळ आला होता चेहरा."

"म्हणूनच म्हणतेय. केतकी, तुला माहितीये पुढे काय होणार ते."

"काय होणार?" काकूंनी विचारलं.

तस्नीमने केतकीकडे पाहिलं. सरांनी टोपाखालून डोळे उघडले होते. ते काकूंकडे बघत होते. काकूंनी काही न कळून हात जोडले, देवळात जोडतात तसे, आणि मान हलवली. हो म्हणा. एकदाच.

"घे," सर केतकीला म्हणाले.

तस्नीम यंत्रापासून दूर झाली. तिच्या जागी केतकी गेली. कळ कुठली ते इतक्या दिवसांत तिला पाठ झालं होतं.

मंजू आली. सकाळची वेळ असावी, ताप उतरलेला असावा. सैल झालेल्या दोन वेण्या, ओठांवर दुधाची मिशी. गजांच्या सावल्या चादरीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेल्या आणि ती दोन बोटांना पाय करून त्या पट्ट्यांवरून चालवत होती. पट्टी ओलांडताना बोटं उडी मारायची. शेवटच्या पट्टीशी तिने मान वर केली, सरळ समोर बघितलं आणि हसली. पुढचा एक दात पडलेला होता. मग तिचे ओठ हलले. ती काहीतरी म्हणाली. टोपाला आवाज कळत नाही.

काकू उठून पडद्याशी गेल्या होत्या. त्यांचा हात काचेवर होता. "दात पडला होता तिचा," त्या म्हणत होत्या. "दात पडला होता. मला कुणी सांगितलंच नाही."

केतकी चित्रण थांबवायचं विसरली. तिच्या मनात त्या वेळी एकच विचार होता आणि तो तिला नंतर कधी माफ करता आला नाही: फोकस पक्का आहे.

दुसऱ्या दिवशी युनिट पोचलं तेव्हा काकू जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या.

"रात्री पहिल्यांदा मी यांच्याशी मंजूबद्दल बोलायला बसले," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "म्हटलं, आता दोघांनी पाहिलंय, आता बोलतील. विचारलं, अहो, हसल्यावर काय म्हणाली ती? तर म्हणतात, कोण? मी फोटो आणून दाखवला. म्हटलं, आपली मंजू, तापात गेली. तर हे म्हणाले, 'अरेरे.' शेजारच्या गल्लीतल्या मयताला म्हणतात ना, तसं. 'अरेरे.'"

"फक्त ती सकाळ जायला हवी होती," मागे उभी असलेली तस्नीम पुटपुटली. "पण ते दवाखान्यातले दिवस सोडून त्यांनी मुलीला कधी आठवलंच नसणार. सगळ्या आठवणी तिथेच गुंफलेल्या. एक धागा ओढला आणि..."

"तुला माहीत होतं?" काकूंनी तिला विचारलं नाही. केतकीला विचारलं.

"सरांनी सांगू नका म्हणून..."

"त्यांनी सांगितलं. आणि तू ऐकलंस." काकू एक पायरी खाली आल्या. "पस्तीस वर्षं मी या माणसावर चिडून होते. बोलत नाही, रडत नाही. पण ते ओझं उचललेलं होतं गं त्यांनी. एक टोक त्यांच्या खांद्यावर, एक माझ्या. रात्री कूस बदलली की मला कळायचं, जागे आहेत, तिच्यापाशी आहेत. काल रात्री घोरत होते. मी एकटी जागी." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "मला तू विचारायला हवं होतंस. मी तिला न बघता मेले असते."

केतकी म्हणाली, "तो शॉट मी काढून टाकते, काकू. फिल्ममधून."

"काढून कुठे ठेवशील?" काकू म्हणाल्या. "यांच्या डोक्यात परत घालता येतो का?"

तस्नीमने मान हलवली.

"मग राहू दे. तेवढीच राहिलीय आता ती."

तस्नीम त्याच दिवशी टोप गुंडाळून पुण्याला गेली. तिने झालं ते सगळं लिहून प्रयोगशाळेला दिलं. पुढे समिती बसली, दोन टेकांच्या वर मनाई झाली. पण तोवर फिल्म लागली होती, आणि केतकी बिराजदारची फिल्म पहिल्यांदाच लोकांनी पाहिली. बोटांनी सावल्या ओलांडणाऱ्या त्या मुलीसाठी परक्या देशांतले लोक अंधारात रडले. दुसऱ्या कंपन्यांनी दुसरी यंत्रं आणली. आणि कुणालाच वाटलं नव्हतं असं झालं: म्हातारे चित्रकार, मूर्तिकार आपणहून रांग लावू लागले. काहींना कीर्ती हवी होती. बरेच जण काहीतरी विसरायला आले होते. मनाई असलेला तिसरा टेक कुठे मिळतो याची चौकशी ते हळूच करत. केतकीलाही बोलावणी येत होती. तिने एकही घेतलं नाही, पण नकार देताना कारण सांगायची तिची छाती झाली नाही.

उन्हाळा सरता सरता ती सोलापूरला गेली. दार उघडंच होतं. दुपारचं जेवण झालेलं होतं आणि सर आरामखुर्चीत होते. आवाज खोल गेला होता, पण चेहरा भरला होता, तुकतुकीत दिसत होता. काकू शेजारी बसल्या होत्या, आणि समोरच्या पडद्यावर मंजू सावल्यांवरून बोटं चालवत होती. काकूंनी केतकीकडे पाहिलं, बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. केतकी दारातच उभी राहिली.

"केतकी ना?" सरांनी ओळखलं. "ये. हे बघ, कुणी काढलंय कोण जाणे, पण प्रकाश बघ. पट्ट्या कशा चादरीच्या घड्यांवरून मोडल्यात. आणि ही पोर." ते कौतुकाने बघत राहिले. "रोज बघतो, पण विचारायचं राहूनच जातं. कुणाची गं ही, पद्मा?"

केतकीने काकूंकडे पाहिलं. काकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "शेजारची होती. गेली ती लोकं घर सोडून."

"गोड आहे," सर म्हणाले. "हात असते तर काढली असती हिला."

"काढली असती तुम्ही," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराच्या टोकाने सरांची हनुवटी पुसली, त्यांचे दोन्ही हात उचलून उशीवर नीट ठेवले, आणि शॉट संपला होता तो पुन्हा पहिल्यापासून लावला.